पॉकेट सांगा, मग मारा

फ्लूक हा शब्द आमच्या बेळगावात कॅरम खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. सोंगटी नेम धरलेल्या कोपऱ्याकडे न जाता दुसऱ्याच सोंगटीला लागून भलत्याच कोपऱ्यात पडली की बोर्डाभोवती ओरडा होतो, "फ्लूक! फ्लूक!" आणि ज्याची पडली तो मख्ख चेहऱ्याने म्हणतो, "तिथंच मारलेलं की." मराठीला असल्या प्रसंगासाठी परका शब्द लागतो असं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला आहे, बोलाफुलाला गाठ आहे, आणि वर्गात शिकलेला काकतालीय न्याय तर आहेच. पण या सगळ्यांत थोडं आश्चर्य, थोडं कौतुकही आहे. फ्लूकमध्ये ते नाही. फ्लूक म्हणजे 'यात तुझं काही नाही' असं तोंडावर सांगणं.

हा शब्द माझ्या वाट्याला खरा आला तो पूल खेळायला लागल्यावर. कॅम्पात एका दुकानाच्या माडीवर हॉल आहे. दोन पूल टेबलं, एक जुनं स्नूकर टेबल, भिंतीला क्यू लावलेल्या, आणि सगळ्यावर निळ्या चॉकची बारीक धूळ. रविवारी मिस्सा आटोपली की दादा आणि त्याचे मित्र तिथं जातात. दोन वर्षांपासून मीही जाते. टेबलाचे पैसे तासावर, हरेल त्याने भरायचे. मुलगी मी एकटीच. कुणी वाईट वागत नाही, हे आधीच सांगून टाकते. सगळी ओळखीची पोरं आहेत, माझी पाळी आली की खुर्ची सरकवून जागाही करून देतात. फक्त एवढंच होतं की दादाच्या मित्राने लांबचा बॉल कोपऱ्यात घातला की आवाज येतो, "काय मारलास रे!" आणि तोच बॉल मी घातला की, "लक बघ हिचं!" एका रविवारी मी मोजायला सुरुवात केली आणि कंटाळून सोडून दिलं.

आई म्हणते, एवढं मनाला लावून घेऊ नये. मी लावून घेतलं. त्यातून एक बरं झालं: या खेळात नशीब नेमकं कुठून आत शिरतं ते मी बघायला लागले. हॉलमधले मार्कर काका त्यात माझे गुरू. त्यांच्या मते पूल हा एक खेळच नव्हे. टेबल तेच, सहा पॉकेटं तीच, पण नियम बदलला की नशिबाचा वाटा बदलतो.

आमच्या हॉलमध्ये जास्त करून एट-बॉल चालतो. एकाचे एक ते सात, दुसऱ्याचे पट्ट्यांचे नऊ ते पंधरा, आणि आपले सात संपले की काळा आठ. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे कुठला बॉल कुठल्या पॉकेटात हे उघड दिसत नसेल तर आधी सांगावं लागतं. माडीवर कोण सांगतो? आपला बॉल कुठूनही गेला तरी गेला. ब्रेकलाच काळा पडला तर डाव जिंकला, असाही इथला कायदा. पुस्तकात तसं नाही. म्हणजे नशिबाला दार उघडंच ठेवलेलं आहे. पण याच खेळातली एक गोष्ट कळायला मला सहा महिने लागले आणि ती नशिबाची मुळीच नाही. नवखा खेळाडू आपले बॉल भराभर घालत सुटतो. सहा घालतो आणि सातवा चुकतो. आता टेबलावर त्याचा एकच बॉल उरला, म्हणजे समोरच्याच्या वाटेत अडथळाच राहिला नाही. समोरचा निवांत सगळं साफ करतो. दोन घालून थांबलेला, आणि थांबताना पांढरा बॉल अडचणीत ठेवून गेलेला माणूस त्याच्यापेक्षा चांगल्या स्थितीत असतो. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा दादाचे मित्र म्हणाले, "घाबरली!"

नाइन-बॉल याहून वेगळा. टेबलावर एक ते नऊच बॉल. पांढऱ्याने प्रत्येक वेळी सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी शिवलं पाहिजे, आणि ज्याच्या फटक्यात नऊ पडेल तो जिंकला. मधल्या बॉलना किंमत शून्य. आठ बॉल एकापाठोपाठ सुरेख घालून नववा पॉकेटाच्या तोंडाशी अडकला, तर समोरचा येऊन तो बोटभर ढकलतो आणि डाव घेऊन जातो. पॉकेट सांगायची गरज नाही, ब्रेकला नऊ पडला तरी चालतो. आमच्या हॉलमधल्या पोरांना हा खेळ का आवडतो ते उघड आहे. पण ज्यांनी हे नियम घडवले त्यांनाही नशीब टोचत असणार, कारण त्यांनी पुश-आउट नावाची एक पळवाट ठेवली. ब्रेकनंतर एक नंबर दुसऱ्या बॉलमागे दडला असेल तर पुढचा खेळाडू 'पुश' म्हणून पांढरा हवा तिथे नेऊन ठेवू शकतो. कशालाही शिवायची सक्ती नाही. मग समोरच्याने ठरवायचं, इथून आपण खेळायचं की त्यालाच परत खेळायला लावायचं. ख्रिसमसला घरी केक वाटायची हीच पद्धत आहे: दादाने कापायचा, मी निवडायचा. कापणारा आपोआप सरळ कापतो. पुश करणाराही पांढरा अशा जागी ठेवतो, जिथून फटका त्याला स्वतःला जमेल पण समोरच्याला मोह होऊनही जमणार नाही. समोरच्याला ओळखल्याशिवाय हे साधत नाही.

मग स्ट्रेट पूल. हा आमच्याकडे कुणी खेळत नाही. काकांनी मला तो रिकाम्या टेबलावर शिकवला. पंधरा बॉल, कुठलाही घाला, प्रत्येकाला एक गुण. पण बॉल आणि पॉकेट आधी सांगायचं. सांगितल्याशिवाय पडला तर तो गुण नाही, बॉल परत टेबलावर. चौदा घालून झाले की ते पुन्हा रचायचे आणि उरलेल्या पंधराव्याच्या आधाराने तो त्रिकोण फोडायचा, म्हणजे डाव संपतच नाही. विली मोस्कोनी या अमेरिकन खेळाडूने १९५४ साली असे सलग ५२६ बॉल घातले. ६५ वर्षं तो आकडा टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. सातशे चौदा वेळा आधी सांगून, सांगितल्याप्रमाणे! इथं 'लक बघ त्याचं' म्हणायची कुणाची टाप आहे?

साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे मला यात गंमत वाटते ती वेगळीच. 'द हसलर' हा १९६१ चा सिनेमा आणि 'द कलर ऑफ मनी' हा १९८६ चा, दोन्ही वॉल्टर टेव्हिसच्या कादंबऱ्यांवरून आलेले, दोन्हींत एडी फेल्सन आहे आणि दोन्हींत तो पॉल न्यूमनच आहे. पहिल्यात एडी स्ट्रेट पूल खेळतो, रात्र सरून दिवस उजाडला तरी खेळतच राहतो. दुसऱ्यात तो पिकलेल्या केसांचा झालाय आणि सगळीकडे नाइन-बॉल चालू आहे. मधल्या पंचवीस वर्षांत लोकांना लवकर संपणारा, पैजेला सोपा खेळ हवासा झाला होता. एडीचं वय झालं हे मला त्याच्या केसांपेक्षा या बदललेल्या खेळावरून जास्त जाणवलं.

स्नूकरची तऱ्हा आणखी न्यारी. तो आपल्याच मुलखात जन्मला, १८७५ मध्ये जबलपूरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. त्यात फ्लूकने पडलेला बॉलही धरतात, पण रिवाज असा की ज्याचा तसा पडला त्याने हात वर करून समोरच्याची माफी मागायची. गुण मात्र परत द्यायचे नाहीत. मला हे फार आवडतं. आमच्या माडीवर आजवर एकाही पोराने हात वर केलेला नाही.

एवढं कळल्यावर मी दादाला म्हटलं, आपण नशीब मोजू या. समज, तू माझ्यापेक्षा थोडा बरा आहेस. शंभर डावांत तू ५५ जिंकतोस, मी ४५. (हे त्याने लगेच मान्य केलं.) एकच डाव खेळलो तर मी जिंकायची शक्यता शंभरात ४५, म्हणजे जवळजवळ छापा-काटा. आधी पाच डाव जिंकेल तो, असं ठरवलं तर दादा शंभरात साधारण ६२ वेळा जिंकेल. आणि आधी १२० जिंकेल तो, असं ठरवलं तर साधारण ९४ वेळा. हिशेब मी कागदावर सुरू केला होता, शेवटी स्टॅटिस्टिक्सच्या मैत्रिणीकडून लॅपटॉपवर करून घेतला. १२० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. १९९६ मध्ये हाँगकाँगला फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलँड एक लाख डॉलरसाठी नाइन-बॉलचा असाच सामना खेळले, तीन दिवस. मागे पडलेला रेयेस १२०–११७ ने जिंकला. ज्या खेळाला मी नशिबाचा म्हणत होते त्यालाच त्यांनी नुसतं लांबवून कसबाचा करून टाकलं. नियम एकही बदलला नाही.

दादा हे ऐकून बराच वेळ गप्प बसला. इंजिनिअर होऊन त्याला दीड वर्ष झालं. दोन ठिकाणी मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेला आणि परत आला. घरी सगळे म्हणाले, "योग नव्हता रे." त्या शब्दाने त्याला धीर आला, हे मी पाहिलंय. तेव्हाच मला आंतरकॉलेज निबंध स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच माणसांनी मला म्हटलं, "लक बाई तुझं." एकच शब्द, दादाच्या अपयशावर पांघरूण झाला आणि माझ्या यशावर बोळा. मला राग यायचा तो यामुळे. पण त्या आकड्यांनंतर मला दादाचीही बाजू दिसायला लागली. त्याला घरच्यांनी दिलेला धीर खोटा नव्हता. मुलाखत म्हणजे एका डावाची रेस. ५५ टक्क्यांच्या माणसालाही तिथे शंभरात ४५ वेळा हात हलवत परतावं लागतं. त्याला कुणी १२० डाव देत नाही. "मग अजून किती द्यायच्या?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पाच तरी दे. तो हसला. हसला, पण त्या आठवड्यात त्याने आणखी तीन अर्ज भरले.

नशीब वाईटच, असं मी म्हणत नाही. आमच्या चर्चच्या सणाला संध्याकाळी ग्राउंडवर हाऊजी असते. आजी दरवर्षी दोन तिकिटं घेते आणि चष्मा पुसून बसते. एका वर्षी तिला फुल हाऊस लागलं. तिने प्रेशर कुकर जिंकला आणि तो अजून वापरात आहे. "माझं नशीब!" असं ती ज्याला त्याला अभिमानाने सांगते, आणि तिला कुणी फ्लूक म्हणत नाही, कारण हाऊजीत कौशल्याचा दावा कुणी करतच नाही. सात वर्षांचं पोर, फादर आणि आजी, तिघांची तिकिटं सारखीच. नशिबाचा खेळ नशिबाचाच आहे हे सगळ्यांनी आधी मान्य केलं की त्यासारखी मजा नाही. माझं भांडण मधल्या प्रदेशाशी आहे, जिथे कुणाचं काय म्हणायचं हे बघणारे ठरवतात.

त्यावर काकांनीच तोड काढली. "अक्का, तू पॉकेट सांग आणि मार," ते म्हणाले. मी सांगायला लागले. एट-बॉल असो, नाइन-बॉल असो, नियम मागत नसला तरी क्यूच्या टोकाने पॉकेट दाखवायचं, मोठ्याने म्हणायचं, "चार नंबर, डावा कोपरा," आणि मग वाकायचं. पहिल्या दिवशी पोरं हसली. तिसऱ्या रविवारी हसू थांबलं. सांगून मारताना चुकलेला बॉलही सगळ्यांना दिसतो, ते मात्र आहे. माझे बरेच चुकतात. पण जे पडतात त्यांना आता कुणी दुसरं नाव देत नाही. एकाने तर परवा, अगदी हळू का होईना, "काय मारलीस" म्हटलं.

सध्या माझ्या हट्टाने आम्ही टेन-बॉल खेळतो. नाइन-बॉलसारखाच, पण बॉल दहा आणि प्रत्येक वेळी पॉकेट सांगायची सक्ती. ब्रेकला दहा पडला तरी डाव जिंकत नाही. दादाला हा खेळ मुळीच पसंत नाही. गेल्या रविवारी शेवटचा दहा त्याने मधल्या पॉकेटासाठी सांगितला, तो दोन कुशन खाऊन लांबच्या कोपऱ्यात जाऊन पडला. दादाने दोन्ही हात वर केले, माफीसाठी नव्हे. काका शांतपणे उठले, त्यांनी दहा बाहेर काढला, कापडावरच्या खुणेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पडला की गं!" दादा ओरडला.

"कुठं सांगितलेलास?" मी विचारलं, आणि क्यूला चॉक लावायला घेतला.