खणांचं ताट

मास कॉमला पान लावायला शिकवतात तेव्हा पहिला धडा असतो मास्टर पेजचा. पेपरचं नाव, तारीख, पानाचा नंबर एकदाच बसवायचा, मजकूर रोज नवा. वेबसाइटचा फंडा याहून फार वेगळा नाही, हे मला कळलं नागपूरच्या आयटी पार्कजवळ, तर्री पोहे खाता खाता. माझी मैत्रीण तिथे फ्रंट-एंडचं काम करते. एका दवाखान्याची वेबसाइट आम्ही दोघींनी घेतली होती: कोड तिचा, मराठी मजकूर माझा. पैसे साइट पास झाल्यावरच!

"लेआउट म्हणजे मेसचं खणांचं ताट गं," ती म्हणाली. "भाजी बदलते, खण नाही."

रिअ‍ॅक्टमध्ये या खणाला चिल्ड्रन म्हणतात, व्ह्यूमध्ये स्लॉट. वरची पट्टी, मेनू, फूटर एकदाच लिहायचं. आत डॉक्टरांची माहिती येणार की ओपीडीच्या वेळा, याच्याशी ताटाला देणंघेणं नाही. आमची 23 पानं एकाच लेआउटवर उभी होती.

पण मोह सुटत नाही ना! एका पानाला मेनू नको, दुसऱ्याला फोटो रुंद हवा... की घाला लेआउटमध्ये आणखी एक हो-नाहीचा खटका. आठ खटके झाल्यावर कोणता कशाचा हे तिलाच कळेना. शेवटी तिने सरळ दोन लेआउट केले, एक वाचायच्या पानांसाठी, एक फॉर्मसाठी. मला तर हेच पटलं. सगळ्यांना पुरेल असं एकच ताट म्हणजे परात झाली की!

खरी गंमत पुढेच. खण तिने इंग्रजी शब्द टाकून मापले होते. 'क्लोज्ड ऑन वेन्सडे' मस्त बसलं. त्याच जागी माझं 'बुधवारी बंद' आलं आणि आईच्या मोबाइलवर दिसलं 'बधवारी बद'. पट्टीची उंची ठरावीक, बाहेर जाईल ते छाटायचं. उकार खालून गेला, अनुस्वार वरून. त्यात स्टाइल म्हणून अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं, त्यामुळे शिरोरेषाही तुटक. "बुधवारी चालू आहे न?" आईने विचारलं. काटोलहून एसटीने येणारा म्हातारा पेशंट बंद दारापाशी उभा राहिला असता, बॉस.

दुरुस्ती लेआउटमध्येच झाली. उंची ठरावीकऐवजी किमान, ओळीची उंची अक्षराच्या 1.6 पट, अक्षरांमधलं अंतर शून्य. आणि पानाची भाषा म्हणून 'एमआर' ही दोन अक्षरं. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात. 23 पानं एका झटक्यात सुधारली. पैसेही मिळाले.

आता तिच्या प्रत्येक नव्या लेआउटमध्ये लोरेम इप्समच्या जागी माझं वाक्य असतं: 'गुरुपौर्णिमेच्या मुहूर्तावर दुपारी बंद.' परवा एका क्लायंटने फोन करून विचारलं, "मॅडम, त्या दिवशी नक्की काय बंद आहे?"