दवाखाना फक्त आठ किलोमीटरवर

शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही मुलांना घेऊन खालांच्या गावी जातो. मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या खाडीकाठी हे गाव आहे. वेसवीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की पलीकडे बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा. खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा किल्ला. आंबे, फणस, ताजी मासळी! मुलांचा पाय तिथून निघत नाही.

यंदा खालांच्या कपाटात औषधांची पाकिटे दिसली. प्रेशरची गोळी रोज घ्यायची, पण महिन्याच्या गोळ्या त्यांनी दोन महिने पुरवल्या होत्या. आम्ही रागावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, गोळी फुकट मिळते. ती आणायला चारशे रुपये लागतात."

हिशेब खरा होता. आरोग्य केंद्र आठ किलोमीटरवर. जायची एस.टी. सकाळी सातला, परतीची दुपारी चारला. साखरेचा आजार असलेल्या वृद्ध बाईने दिवसभर बाकावर बसून राहायचे, नाहीतर स्पेशल रिक्षा करायची. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. आधी वेळेवर गाडी हवी. खालांच्या अंगणात ताडपत्रीखाली मोटार उभी आहे, ती चालवणारा मुलगा कुवेतला आहे. कोकणातल्या आपल्या अनेक मोहल्ल्यांत हेच चित्र दिसते.

सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डोंगराची थोडी दखल घेतली आहे, पण गाडीच्या वेळा त्या आकड्यांत येत नाहीत. तातडीच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका आहे. राज्यात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. पण प्रेशर मोजून घ्यायला कोणी १०८ बोलावत नाही, बोलावूही नये. म्हणजे झटका आल्यावर गाडी आहे. तो येऊ नये म्हणून दवाखान्यात जायला गाडी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालांना घेऊन गेलो. प्रेशर १८० च्या वर होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दर महिन्याच्या गोळ्या तुमच्या जवळच्या उपकेंद्रातून मिळतील. इथे तीन महिन्यांनी या, पण गोळी चुकवू नका." उपकेंद्र दोन किलोमीटरवर. ही गोष्ट खालांना कोणी सांगितलीच नव्हती.

त्या जुम्याला नमाजनंतर आम्ही मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांशी बोललो. चौकशी केली तेव्हा अशा आणखी चार जणी निघाल्या. एका शेजाऱ्याने आपली व्हॅन देऊ केली. तीन महिन्यांतून एकदा पाच जणींनी मिळून जायचे. पाचशे रुपयांत जाऊन-येऊन, माणशी शंभर. आशाताईंनी तारखा लिहून घेतल्या. रस्ता तोच आहे, एस.टी. तीच आहे; एकटीचा भार तेवढा वाटला गेला.

परवा खालांचा फोन आला. म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह, या वेळी गोळ्या बरोबर तीस दिवसांत संपल्या."

गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांची तब्येत विचाराच, पण त्यांची गोळ्यांची पाकिटेही एकदा मोजून पाहा.