टेक्सासातली चांदमारी

मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीविषयी लिहावे, हे सोनाराने नांगराविषयी बोलण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. माझा आणि बंदुकीचा संबंध कॉलेजातल्या एन.सी.सी.पुरता. तिथे पॉइंट टू-टूच्या रायफलीने मी पाच गोळ्या झाडल्या, त्यांतल्या दोन शेजाऱ्याच्या निशाणावर सापडल्या आणि सुभेदारसाहेबांनी मला त्याच दिवशी साहित्याच्या हवाली केले. तरीही ह्यूस्टनला मामेभावाकडे महिनाभर राहून आलो, त्यात एक रविवार चांदमारीच्या मैदानावर गेला आणि तेवढाच दिवस काय तो मनात राहिला.

अण्णा माझ्याहून 18 वर्षांनी वडील. कोल्हापूरचे. 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवणारी तेजस्विनी सावंत आणि 2024 साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणणारा स्वप्निल कुसाळे ही दोन्ही आपल्या घरचीच मुले, अशा थाटात ते दर पाहुण्याला त्यांची हकिकत ऐकवतात. स्वतः अण्णाही तरुणपणी नाव घेण्याजोगे नेमबाज. अमेरिकेत गेल्यावर रविवारची पूजा आटोपली की रायफल घेऊन मैदानावर जायचे, हा त्यांचा नेम. (नेम या शब्दाला मराठीत दोन्ही अर्थ आहेत, हे वर्गात सांगायला मला पुढे उपयोगी पडेल.) पण या खेपेला पाहिले तर रायफल कपाटात कुलूपबंद. "विकायची आहे," एवढेच म्हणाले. वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान. मी खोलात गेलो नाही.

गिऱ्हाईक मैदानावरच भेटणार होते. ह्यूस्टनहून पश्चिमेला केटीकडे जाणारा रस्ता बाजूचे पदर धरून काही ठिकाणी 26 पदरी आहे. आमच्या गावात एवढ्या रुंदीत अख्खी पेठ वसते. अण्णा चाकावर ओणवे होऊन गाडी हाकत होते आणि वळणाची पाटी अगदी डोक्यावर आली की मला विचारीत, "काय लिहिलंय रे?" मला वाटले, पाहुण्याचे इंग्रजी तपासताहेत. पुढे वस्ती विरळ झाली. हा एकेकाळचा भातशेतीचा मुलूख. अजून कुठे कुठे खाचरे दिसतात, त्यांत आपल्यासारखेच पांढरे बगळे. फक्त क्षितिजाला टेकायला डोंगर नाही. आभाळ सरळ जमिनीवर येऊन बसलेले.

मैदान म्हणजे पत्र्याची लांब पडवी, सिमेंटची टेबले आणि 100 यार्डांवर मातीचा बांध. शिस्त मात्र देवळातल्यासारखी. तांबडा दिवा लागला की रायफली उघड्या करून सगळ्यांनी मागे सरायचे, कुणी बोट लावायचे नाही. बापाबरोबर आलेली दहाबारा वर्षांची मुलेही होती. या देशातल्या शाळाशाळांतून बंदुकीने काय अनर्थ केले ते आपण वाचतोच. त्या मुलांकडे पाहून माझ्या पोटात कालवले. अण्णांना तसे म्हणालो. "मलाही होतं तसं," ते म्हणाले आणि कानांवर टोप्या चढवल्या.

गिऱ्हाईक म्हणजे सत्तरीचा, गवती हॅट घातलेला एक म्हातारा. अण्णांनी रायफल पुढे केली आणि प्रामाणिकपणे सांगून टाकले, "वरची साइट बिघडली आहे, तिचे पैसे देऊ नका." ही साइट म्हणजे लाल ठिपक्याची. 1975 साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने तिचा पहिला नमुना बाजारात आणला. आत एक इवलासा लाल दिवा, समोर किंचित कललेली वक्र काच. दिव्याचे प्रतिबिंब काचेवरून डोळ्यात येते आणि ठिपका थेट निशाणावर तरंगताना दिसतो. अण्णांच्या मते तो ठिपका आताशा ठिपका राहिला नव्हता. चिरडलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा झाला होता, वर धूमकेतूसारखे शेपूट.

म्हाताऱ्याने पाहिले. "मला गोल दिसतो," म्हणाला. मग त्याने साइट रायफलीवरून सोडवली, अण्णांच्या हातात दिली आणि डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवायला सांगितली.

"शेपूट कुठं आहे?"

"उजवीकडे वर."

"आता?"

"तिथंच."

"यंत्र फिरलं, शेपूट फिरलं नाही. म्हणजे ते तुमच्या डोळ्यात आहे."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीत नव्हते असे मला वाटले नाही.

म्हाताऱ्यालाही तोच आजार. आपण ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतो तो. त्याने आपली रायफल आणली. तिच्यावर मुठीत मावेल एवढी ठेंगणी नळी होती, लोलकाची साइट. दुर्बिणीत प्रतिमा उलटी पडते. ती सुलटी करायला आणखी भिंगे घातली की नळी लांबत जाते. 1854 साली इग्नात्सिओ पोर्रो या इटालियन गृहस्थाने भिंगांऐवजी लोलकांनी ती सुलटी करण्याचे पेटंट घेतले आणि दुर्बिणी आखूड झाल्या. रायफलीवर ही युक्ती गाजली ती मिशिगनच्या ट्रिजिकॉन कंपनीच्या 1987 सालच्या 'एकॉग'मुळे. चार पट मोठे दाखवणारी, जेमतेम 15 सेंटिमीटरची ही साइट पुढे अमेरिकन सैन्यात गेली. आता वेगवेगळ्या पटींच्या मिळतात. आमच्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट म्हणजे हिच्यातली खूण काचेवर कोरलेली असते. प्रकाशाचा ठिपका वाकड्या डोळ्यात फुटतो, कोरलेली काळी रेघ फार तर जराशी पुसट होते. बॅटरी संपली तरी खूण जाग्यावर.

एवढे बोलणे होईतो शेजारच्या टेबलांवरून मंडळी जमली. पानसुपारीची उणीव होती, बाकी थाट थेट आपल्या पाराचा. एक माजी सैनिक म्हणाला, माझी एकॉग खडकावर आपटली, चिखलात बुडाली, नेम ढळला नाही. तिची खूण अंधारात ट्रिशियमने उजळते, पण बारा वर्षांत तो उजेड निम्मा होतो, हेही त्यानेच सांगितले. एक तरुण बाई लाल ठिपक्याच्या बाजूच्या. त्यांचे म्हणणे, ठिपक्यात डोकं कसंही धरलं तरी चालतं. तुमच्या लोलकात डोळा जरा सरकला की काळोख! ते खरेच आहे. एकॉगला डोळा दीड इंचावर आणावा लागतो, आणि दणका देणारी रायफल असली तर भुवई सांभाळायची. तिसरा शेतकरी. तिकडे रानडुकरांचा उपद्रव फार, ती पीक नासतात. संध्याकाळी कडेच्या झाडीत डुक्कर निघाले की त्याला कधी एक पट हवे, कधी सहा पट. त्यामुळे एकाच पटीला जखडलेली साइट त्याला बंद खिडकीसारखी वाटते. मग बदलती दुर्बीण घे की, असे इतरांचे म्हणणे, आणि तिचे वजन कोण वाहणार, असा त्यावर त्याचाच आक्षेप. मला एक कळले. जो तो साइटविषयी बोलत होता, पण सांगत होता आपल्या डोळ्याविषयी आणि मानेविषयी.

मीही चष्मा काढून पाहिले. लाल ठिपका मला द्राक्षाच्या घडासारखा दिसला. लोलकातून मात्र, डोळ्याजवळचे कडे फिरवताच, बांधावरचा कागद आणि त्यावर रेघ. हे कडे सिलिंडरचा नंबर घालवत नाही, पण जवळच्या-लांबच्या नंबराची सोय करते.

अण्णा बसले. दस्ता गालाला लावला, कडे जुळवले आणि बराच वेळ काहीच केले नाही. मग पाच गोळ्या. दिवा लागल्यावर आम्ही चालत गेलो. पाचही भोके माझ्या तळव्याखाली झाकली गेली. अण्णा त्या कागदाकडे पाहतच उभे राहिले.

परतताना गाडीत म्हणाले, "दोन वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो नाही. वाटलं, डोळे चालले. कळलं की ते गाडीच काढून घेतील. इथं गाडी गेली म्हणजे पाय गेले रे. रायफल विकली की निदान त्या ठिपक्याकडे रोज बघावं लागणार नाही, असं वाटलं."

"आणि त्या पाट्या?"

"तू वाचत होतास ना."

त्या रस्त्यावर मी नुसता बसून राहिलो होतो, हे आठवून माझे तळवे थंड झाले. परतीच्या वाटेवर प्रत्येक पाटी मी आधीच मोठ्याने वाचली.

मंगळवारी त्यांना घेऊन गेलो. गाडी वहिनींनी चालवली. सिलिंडरचा नंबर बराच वाढला होता, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. चष्मा बदला, सहा महिन्यांनी दाखवा, तोपर्यंत रात्री गाडी नको, असे डॉक्टर म्हणाले. बाहेर येताच अण्णांनी त्या म्हाताऱ्याला फोन लावून साइट कुठून घेतली ते विचारले.

"चष्म्याचं झालं ते बरंच झालं हो," वहिनी म्हणाल्या, "पण रायफल विकायची होती ना?"

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिले आणि समोरच्या दुकानाची पाटी मला वाचून दाखवली.