कलत्या घराची मोरी

जुन्या शिडाच्या बोटीवर शॉवर बसवायचा म्हटलं की मालक मंडळी आधी मोबाइलवर शॉवरचे फोटो दाखवतात. क्रोमचा की काळा, एक धार की पाऊस. मी बघतो, "छान आहे" म्हणतो, आणि गुडघ्यांवर बसून हेडच्या फळ्या उचलून आत टॉर्च मारतो. हेड म्हणजे बोटीवरचं संडास आणि न्हाणीघर एकत्र. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. अंगावर पाणी पाडणं हे त्या खोलीतलं सोपं काम. अंगावरून उतरलेलं पाणी बोटीबाहेर काढताना मिस्त्रीचा कस लागतो, कारण त्या खोलीची जमीन बहुतेक वेळा समुद्राच्या पातळीच्याही खाली असते. तिथून पाणी आपलं आपण वाहून कुठेच जात नाही.

१९७०च्या दशकात फायबरग्लासच्या बोटी साच्यांतून भराभर निघू लागल्या. हेडची जमीनसुद्धा साच्यातलीच, कडा उचललेली, एका कोपऱ्यात भोक. ते भोक पुष्कळ बोटींत थेट बिल्जमध्ये उघडतं. बिल्ज म्हणजे बोटीच्या पोटातली सगळ्यांत खोल जागा. कुठे झिरपलेलं, डोलकाठीवरून ओघळलेलं, इंजिनाखाली ठिबकलेलं पाणी शेवटी तिथे जमतं आणि तिथला पंप ते बाहेर फेकतो. बांधणाऱ्यांचा हिशेब सरळ होता : पंप आहेच, तर आंघोळीचं पाणीही त्यालाच देऊ.

हिशेबात केस धरले नव्हते. साबणही धरला नव्हता. बिल्जमध्ये थोडं खारं पाणी असतंच. साबण खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला भेटला की फेस होत नाही, करडा चिकट साका धरतो. त्यात केस गुंततात, अंगावरचं तेल मिसळतं, इंजिनाचं काळं मिसळतं, आणि तो गोळा जाऊन बसतो पंपाच्या जाळीवर, नाहीतर फ्लोट स्विचखाली. पाणी चढलं की हा स्विच उचलला जाऊन पंप सुरू व्हायचा असतो. चिकटून खाली राहिला तर बोटीत पाणी भरतंय हे कुणाला कळत नाही. वर अडकला तर पंप कोरडा फिरत राहतो आणि बॅटरी बसते. बोट बुडण्यापासून वाचवणारं एकच यंत्र आंघोळीच्या केसांच्या हवाली करायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. एप्रिलच्या उकाड्यात बंद केबिनमधून जो वास येतो त्याचा आळ मालक संडासावर घेतात. मी आधी बिल्जची फळी उचलतो.

मुंबईत गेटवेसमोर उभ्या असलेल्या एका तेहतीस फुटी बोटीवर मला हेच काम मिळालं होतं. बोट इंग्लंडात बांधलेली, मालक निवृत्त. रात्रीचा मुक्काम बोटीवर करायचा तर आंघोळीची नीट सोय हवी, एवढीच त्यांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, अट होती. साहेबांना शिडं नवी हवी होती. शिडं थांबली.

घरात मोरी बांधताना गवंडी ओळंबा आणि पाणपातळी लावून ढाळ देतो. दोन फुटांना सेंटिमीटरभर. घर हलत नाही, म्हणून तेवढा ढाळ पन्नास वर्षं पुरतो. बोटीवरच्या न्हाणीचा साठ सेंटिमीटर रुंद तळ दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यात वीस अंश कलला की त्याची एक कड दुसरीपेक्षा वीस सेंटिमीटर वर जाते. साच्यात दिलेला ढाळ त्यापुढे कुठेच नाही. बोट दुसऱ्या अंगाला वळवली की उलटं. चालत्या बोटीत आंघोळ करायला मी कुणालाच सांगत नाही, पण आधीच्या आंघोळीचं उरलेलं पाणी तेव्हा कोपऱ्यातून कोपऱ्यात फिरतं, दाराच्या उंबऱ्यावरून केबिनमध्ये येतं आणि गालिच्याखाली बसतं.

उभ्या बोटीचंही खरं नसतं. बांधली तेव्हा ती पाण्यात जशी बसत होती, तशी पन्नास वर्षांनी बसत नाही. मागच्या बाजूला जादा बॅटऱ्या येतात, सोलर पॅनेलची कमान येते, हत्यारांच्या पेट्या येतात. दहा मीटरच्या बोटीचं शेपूट दहा सेंटिमीटर जास्त बसलं, तर साठ सेंटिमीटरच्या तळावर सहा मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पुढच्या कोपऱ्याकडे दिलेला ढाळ जवळजवळ संपला. या बोटीवर तेच झालं होतं. भोक पुढे आणि पाणी मागे. नकाशे, पाणपातळी यांच्यात न पडता मी टाकी भरून घेतली, साहेब-वहिनींना रोजच्या जागी बसवलं आणि तळावर मगभर पाणी ओतलं. ते मागच्या, आतल्या अंगाच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. नवं भोक तिथेच. माझ्याबरोबर करंजाचा एक कोळ्याचा पोरगा काम करतो. तो म्हणाला, "काका, हितं खाली कुठं त्याचा भरवसाच नाय." त्याला मी दुसरा मगही ओतायला लावला, साहेबांना पलीकडच्या बाकावर पाठवून. पाणी बोटभर सरकलं. तेवढ्यासाठी स्पंज ठेवायचा. प्रत्येक थेंबासाठी पाइप टाकायचा नसतो.

आता पंप. दुकानात यासाठी तयार डबा मिळतो : प्लॅस्टिकचं खोकं, आत जाळी, फ्लोट स्विच आणि छोटा पंख्याचा पंप. खोकं तळाच्या खाली बसवायचं, पाणी त्यात उतरणार, स्विच उचलला जाणार, पंप बाहेर फेकणार. कागदावर सुंदर. जुन्या बोटीत तळाखाली खोक्याइतकी उंची असेल तर नशीब. असली, तरी एक गंमत होते. एकोणीस मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे पाव लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. बाहेर पडायला तीन मीटर नळी चढत गेली असेल, तर पंप थांबल्याबरोबर पाऊण लिटरच्या वर पाणी उलटं खोक्यात येतं. स्विच पुन्हा उचलला जातो, पंप पुन्हा तेच पाणी वर ढकलतो, ते पुन्हा खाली. मध्ये एकदिशा झडप टाकावी, तर केस पहिल्यांदा तिथेच अडकतात. आणि गेटवेसमोर घारापुरीच्या लाँचा दिवसभर जात-येत असतात. त्यांच्या लाटांनी खोक्यातलं पाणी डचमळतं आणि कोणी आंघोळ करत नसतानाही पंप मध्येच गुरगुरतो.

मी खोकं टाळतो. डायाफ्राम पंप घेतो. त्यात पंखा नाही. रबराचा पडदा खालीवर होतो आणि रबराच्या झडपा उघडझाप करतात. केस गेले तर बहुधा पलीकडे निघून जातात. कोरडा चालला तरी मिनिट-दोन मिनिटांत त्याचं काही बिघडत नाही, आणि तो पाण्याच्या वर बसूनही पाणी ओढून घेतो. म्हणून तो तळाच्या अंधारात ठेवावा लागत नाही, बेसिनखालच्या कपाटात उभ्या फळीवर बसतो. त्याच्या झडपांनीच नळीतलं पाणी अडवलं जातं. पंपाच्या आधी पारदर्शक झाकणाचा फिल्टर, तोही त्याच कपाटात, हात सहज पोचेल असा. पेटीच्या मागे, बाकाच्या खाली, इंजिनाच्या शिडीआड लावलेला फिल्टर कोणी साफ करत नाही. माणसं आळशी असतात म्हणून नव्हे, त्यांना कंबर असते म्हणून.

स्विचच्या बाबतीत मी हट्टी आहे. आपोआप चालणारा नको. रबरी टोपीचं बटण, दाबून धरलं तरच पंप चालणारं, शॉवरच्या शेजारी. वीज १२ व्होल्टची, शॉकची भीती नाही. पंप पाणी ओढताना जाड, भरीव ठोके देतो. हवा ओढू लागला की आवाज खुळखुळीत होतो. कान असलेल्या कुणालाही कळतं की झालं. आणि पंप रोजच्यापेक्षा जास्त वेळ जाड ठोके देत राहिला, तर तेही कळतं : फिल्टर तुंबलाय. स्वयंचलित यंत्र ही बातमी देत नाही, ते बंद पडल्यावर देतं. माझ्याबरोबरचे काही मिस्त्री यावर हसतात. हसोत.

बाहेर पडायची वाट हा सगळ्यांत जपून करायचा भाग. मालकाला वाटतं, बोटीला आणखी एक भोक पाडलं की झालं. पाण्याच्या पातळीच्या वर पाडलेलं भोकही बोट कलली की पाण्याखाली जातं, आणि मग सायफन उलटा लागू शकतो. एकोणीस मिलिमीटरची नळी अर्धा मीटर पाण्याखाली उघडी पडली तर मिनिटाला तीसेक लिटर पाणी आत येतं. तासाला जवळजवळ दोन हजार. ही नळी आपणच आंघोळीसाठी बसवलेली असते. यावरचा रीतसर उपाय म्हणजे नळी आधी वर, जवळजवळ डेकखालपर्यंत न्यायची, शेंड्यावर हवा घेणारी छोटी झडप ठेवायची आणि मग खाली उतरवायची. झडपेत साबण वाळला की ती चिकटते, म्हणून तीही वर्षातून एकदा धुवायची.

माझ्या मते खात्रीचा उपाय त्याहून साधा आहे. पंपाची नळी बेसिनच्या काठावरून बेसिनमध्येच सोडायची. नळी आणि पाणी यांच्यात मोकळी हवा. सायफन लागूच शकत नाही. पाणी जातं ते डोळ्यांना दिसतं. पण दिसतं हेच वहिनींना नको होतं. "दात घासायच्या जागी सगळ्यांचं आंघोळीचं पाणी?" हा मुद्दा खोडता येत नाही. शेवटी बेसिनच्या उतरत्या नळीला पंपाची नळी तिरकी जोडली, जोडणी खालच्या दिशेला तोंड करून, म्हणजे पाणी बेसिनमधून वर उसळत नाही. आणि त्याआधी तो उंच फेरा घातलाच. नवं भोक पाडलं नाही. बेसिनचं जुनं भोकच दोघांना पुरतं.

त्या भोकावरचा कॉक, म्हणजे समुद्राकडची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह, मात्र बदलला. जुना पितळेचा निघाला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे राहतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. बाहेरून कॉक धडधाकट दिसतो, हातोडीचा टोला बसला की तुटतो. त्या जागी ब्राँझ, किंवा काच मिसळलेल्या नायलॉनचा. नागदेवी स्ट्रीटवर नळ्या आणि चांगल्या स्टीलच्या क्लिपा मनासारख्या मिळतात, त्या मी तिथूनच आणतो, आणि पाण्याखालच्या जोडाला जागा असेल तिथे दोन-दोन क्लिपा लावतो. घरगुती पितळी व्हॉल्व्ह मात्र तिथेच राहू देतो. नळी आतून गुळगुळीत हवी. बिल्जसाठी विकतात ती वळ्यावळ्यांची स्वस्त नळी प्रत्येक वळीत साबणाचा साका साठवते. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या, नाहीतर दमट हवेत आतून हिरव्या होतात. फ्यूज लावायचा. एवढं पुरे.

आत येणाऱ्या पाण्याबद्दल मी फार बोलत नाही. गेटवेसमोर बोट मूरिंगवर असते, पाणी कॅनमधून होडीने न्यावं लागतं. वीस लिटरचा कॅन उचलला की मालकाला वीस किलोची अक्कल येते. घरचा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज सांडतो. इथे हँडशॉवर, मुठीत बटण असलेला : भिजवा, बंद, साबण, बंदच, मग धुवा. तीन-चार लिटरांत माणूस स्वच्छ होतो. प्रेशर पंपाचा खर्च नको असेल तर झाडांना फवारायचा पाच लिटरचा हातपंप न्या. फक्त कोरा आणा, शेतावरचा उचलू नका. समुद्राच्या पाण्याने अंग घासायचं असेल तर खोबरेल तेलाचा साबण घ्या, तो खाऱ्या पाण्यातही फेसतो. शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९मध्ये एकटे, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती 'सुहैली' आपल्या मुंबईतच सागवानात बांधलेली, बत्तीस फुटी. वाटेत त्यांच्या टाक्यांमधलं गोडं पाणी नासलं, तेव्हा शिडांवरून ओघळणारं पावसाचं पाणी धरून त्यांनी भागवलं. मालक लोक गरम पाण्याच्या टाकीची चौकशी करू लागले की मी ही गोष्ट सांगतो. कधीकधी उपयोग होतो.

पावसाळा संपून बोट पाण्यात उतरली ती दिवाळीच्या तोंडावर. पहिला मुक्काम मांडव्यासमोर नांगर टाकून, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री. वहिनींचा फोन आला : पहाटे अभ्यंगस्नान बोटीवरच करणार, तेल-उटण्यासह. मी म्हटलं, "वहिनी, तेल चालेल. उटण्याची पूड फिल्टरच्या तळाला लिंपून बसते, ती मागच्या डेकवर बादलीने धुवा आणि मग आत या." त्या म्हणाल्या, "मग एवढा शॉवर कशाला बसवला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच तोड काढली : साहेबांची आंघोळ डेकवर, समुद्राच्या पाण्याने, स्वतःची आत, शॉवरखाली, उटण्यासकट. पंप व्यवस्थित चालला म्हणून दुपारी निरोप आला. फिल्टर कोणी धुतला ते विचारायचं राहिलं.