वॉशिंग्टनमधील पांच रात्री

परदेशच्या प्रवासाचें वर्णन लिहितांना खर्चाचा विषय टाळण्याची आपल्याकडे रीत आहे. बागा, पूल, संग्रहालयें यांचें वर्णन करावें, आणि खिशाला किती चाट बसली याचा उच्चारही करूं नये, असा शिष्टाचारच पडून गेला आहे. आज आम्ही तो मोडणार आहों. गेल्या वर्षीं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें पांच रात्री राहिलों, आणि दोन खोल्यांच्या भाड्यापोटीं घरांतील कोणींही एक डॉलरसुद्धां दिला नाहीं. हें कसें घडलें, आणि खरोखरच फुकट घडलें काय, तें सांगण्याचा विचार आहे.

आमचे चिरंजीव न्यू जर्सींत नोकरी करतात. कामानिमित्त त्यांना महिन्यांतून पांच-सहा रात्री परगांवीं काढाव्या लागतात. भाडें त्यांची कचेरी भरते. परंतु त्या मुक्कामाबद्दल हॉटेलवाले जे पॉइंट देतात, ते राहणाऱ्याच्या नांवावर जमा होतात. पुढें तेच पॉइंट देऊन खोली मिळते. ही युक्ति अगदीं आजची नव्हे. अमेरिकेंत १८९६ सालीं स्पेरी व हचिन्सन या मंडळींनीं दुकानदारांमार्फत गिऱ्हाइकांना हिरवीं तिकिटें वांटण्यास आरंभ केला. तीं वहींत चिकटवून वही भरली म्हणजे संसारोपयोगी वस्तू मिळत. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें विमानप्रवाशांसाठीं अशीच योजना काढली. १९८३ सालीं हॉलिडे इन व मॅरियट यांनीं आणि १९८७ सालीं हिल्टन व हयात यांनीं ती हॉटेलांत आणली.

चिरंजीवांजवळ तीन लाखांच्या वर पॉइंट सांचले होते. पण ते खर्च करण्यास त्यांचें मन घेईना. “आणखी थोडे जमूं द्या, बाबा, म्हणजे सर्वांना मालदीवला नेतों,” हें वाक्य आम्ही तीन वर्षें ऐकत होतों. इकडे त्यांनीं मनांत धरलेल्या हॉटेलाचा पॉइंटांतील दर या तीन वर्षांत दीडपट झाला. जमा वाढे, तसें मालदीव दूर सरके! वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं पॉइंट म्हणजे पेढीवरील ठेव नव्हे. त्यांवर व्याज चढत नाहीं. उलट त्यांचें मोल ठरविण्याचा अधिकार देणाराच स्वतःकडे राखून ठेवतो. मॅरियटनें तर २०२२ सालापासून ठराविक दरांचें कोष्टकच काढून टाकलें, आणि रोख भाड्याप्रमाणें पॉइंटांचा दरही खालींवर होऊं लागला. शिवाय मॅरियट, हिल्टन व हयात या तिघांकडेही चोवीस महिने खात्यावर कांहींच हालचाल न झाल्यास पॉइंट बाद होतात. तूप फार दिवस सांठविलें म्हणजे खवट व्हावें, त्यांतलाच हा प्रकार.

ही कोंडी आमच्या मातुःश्रींनीं फोडली. त्यांचा जन्म १९४२ सालचा. त्यांचे वडील त्या वेळीं चळवळींत तुरुंगांत होते, आणि मुलीचें तोंड त्यांनीं प्रथम पाहिलें तेव्हां ती दोन वर्षांची होती. नातवाला त्या म्हणाल्या, “अरे बाळ, मालदीव कुठें पळून जात नाहीं, मी मात्र जाईन. तुमच्या त्या राजधानींत गांधीजींचा पुतळा आहे म्हणतात, तेवढा मला दाखव.” यावर कोणास कांहीं बोलतां येईना. त्याच संध्याकाळीं वॉशिंग्टनचा बेत ठरला.

आतां हिशेब. आम्हीं निवडलेल्या हॉटेलांत एका खोलीला रात्रीचे ३०० डॉलर रोख, किंवा ४०,००० पॉइंट पडत होते. कित्येक कंपन्यांचा असा नियम आहे, कीं पॉइंटांवर सलग पांच रात्री घेतल्या म्हणजे चारांचेच पॉइंट द्यावे लागतात. मॅरियटमध्यें ही सवलत सर्व सभासदांस आहे, हिल्टनमध्यें रौप्य श्रेणीपासून पुढें. म्हणून एका खोलीचे १,६०,००० पॉइंट झाले. रोखीनें पांच रात्रींचे १,५०० डॉलर, आणि वर त्या शहराचा सुमारें सोळा टक्के हॉटेलकर, मिळून १,७४० डॉलर झाले असते. भागाकार केला म्हणजे एका पॉइंटाला एक सेंटाहून थोडें अधिक मोल आलें. प्रत्येक वेळीं हा भागाकार अवश्य करावा. चेरीच्या बहराच्या दिवसांत वॉशिंग्टनची रोख भाडीं चढलेलीं असतात. अशा वेळीं पॉइंट खर्चावे, आणि भाडें उतरलेलें असेल तेव्हां रोख द्यावी, हें त्यांतील मर्म. ‘रिसॉर्ट फी’ नांवाच्या जादा आकाराचीही आधीं चौकशी करावी. पूर्णपणें पॉइंटांवर घेतलेल्या खोलीला हिल्टन व हयात तो लावीत नाहींत. मॅरियटच्या हॉटेलांत तो लागूं शकतो.

वॉशिंग्टन शहर पाहून मन प्रसन्न होतें. पाण्याकांठीं फिकट गुलाबी फुलांनीं ओथंबलेलीं चेरीचीं झाडें. हीं १९१२ सालीं टोकियो शहरानें भेट म्हणून पाठविलेल्या तीन हजारांवर रोपांची परंपरा. त्यांच्या मागें ५५५ फूट उंचीचा वॉशिंग्टनचा स्तंभ. पलीकडे छत्तीस खांबांच्या मंदिरांत बसलेली लिंकनची भव्य मूर्ति. स्मिथसोनियनचीं संग्रहालयें तर किती पाहावीं! जेम्स स्मिथसन नांवाच्या ज्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रांतील देणगीवर ही संस्था १८४६ सालीं उभी राहिली, त्यानें जन्मांत अमेरिकेची भूमि पाहिली नव्हती. त्याच्या पुण्याईनें तेथें आजही कोणास प्रवेशमूल्य पडत नाहीं. याच शहरांत १९२७ सालीं मॅरियट दांपत्यानें नऊ बैठकांचें एक सरबताचें दुकान थाटलें होतें. पुढचा हॉटेलांचा एवढा विस्तार त्यांतूनच झाला.

चौथ्या दिवशीं आम्ही मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर गेलों. तेथें भारतीय वकिलातीसमोर हातांत काठी घेऊन चालत असलेले गांधीजी उभे आहेत. २००० सालीं वाजपेयी व क्लिंटन यांच्या उपस्थितींत या पुतळ्याचें अनावरण झालें. मातुःश्री बराच वेळ उभ्या होत्या. मग पणतीचा हात धरून त्यांनीं तिला आपल्या वडिलांची हकीकत सांगितली. आठ वर्षांच्या पोरीनें विचारलें, “म्हणजे तुमचे बाबा पण कामाला बाहेरगांवीं होते का?” मातुःश्री हंसल्या, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

त्या रात्रीं मातुःश्रींनीं नातवास विचारलें, “हें सगळें फुकट म्हणतोस, पण कोणीतरी भरलें असेलच ना?” चिरंजीवांनीं कागद घेतला. खर्च झालेले पॉइंट ३,२०,०००. श्रेणीचा अधिक लाभ धरून डॉलरला पंधरा पॉइंट, आणि रात्रीचें सरासरी भाडें दीडशें डॉलर. उत्तर आलें सुमारें १४२ रात्री! तेव्हां इतका वेळ गप्प बसलेल्या सूनबाई म्हणाल्या, “आमच्या भिंतीवरल्या कॅलेंडरावर तिनें फुल्या केल्या आहेत. बाबा नसले कीं एक फुली.” खोलींत कोणी बोललें नाहीं.

चिरंजीवांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. नोकरी म्हटली म्हणजे फिरणें आलें, आणि फिरणें आहेच तर त्याचे पॉइंट कां सोडावे? सभासदत्वास पैसे पडत नाहींत. खोली मात्र त्या कंपनीकडूनच घ्यावी. मध्यस्थामार्फत घेतल्यास बहुधा पॉइंट मिळत नाहींत. मोठ्या कुटुंबांस आणखी सोयी आहेत. मॅरियटमध्यें सभासद स्वतः तेथें राहून पैसे भरीत असेल तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट त्यास मिळतात. लग्नकार्याच्या प्रवासांत हें उपयोगी पडतें. हिल्टनमध्यें अकरा जणांस आपले पॉइंट एकत्र करतां येतात. ही तर एकत्र कुटुंबाची गंगाजळीच. आपल्या ताजमहालच्या परिवारांत टाटांचीं न्यूकॉइन मिळतात, आणि एका नाण्याचा एक रुपया धरला जातो, म्हणून तेथें भागाकाराचेंही कारण नाहीं. या सर्वांचा लाभ घ्यावा. मात्र पॉइंटांसाठीं प्रवास करूं नये, प्रवासासाठीं पॉइंट असावे.

हें तत्त्व सोपें वाटतें, पण त्याची परीक्षा लवकरच झाली. गेल्या डिसेंबरांत चिरंजीवांस आपली वरची श्रेणी टिकविण्यास सहा रात्री कमी पडत होत्या. असे लोक वर्षअखेर घराजवळच्याच एखाद्या स्वस्त हॉटेलांत खोली घेऊन रात्री भरून काढतात, आणि त्यांनींही तसा विचार केला होता. नाताळच्या सुट्टींत फोन केला तेव्हां आम्हीं सहज विचारलें, त्या सहा रात्रींचें काय झालें? ते म्हणाले, “सोडून दिल्या, बाबा. घरींच आहें.” श्रेणी एक पायरी खालीं आली, यापुढें हॉटेलांतील सकाळची न्याहारी विकत घ्यावी लागेल. पाठीमागून नातीचा आवाज आला. डिसेंबरच्या पानावर किती फुल्या आहेत, हें तिला आम्हांस सांगावयाचें होतें.