मिरामारच्या वाळूवर गटातले गडी

बेळगावाहून पणजीस जावयाचे तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरावा, ही आमच्या घरची जुनी रीत. कणकुंबीस मलप्रभेचा उगम. ती पूर्वेचा रस्ता धरून कृष्णेच्या भेटीस जाते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानात जन्मलेली म्हादई मात्र पाठ फिरवून पश्चिमेस निघते आणि मांडवी हे नाव घेऊन पणजीजवळ समुद्रास मिळते. त्यामुळे मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहिले की पुढ्यातले पाणी निम्मे तरी आपल्या गावाकडचे, असा एक भाबडा अभिमान आम्हांस नेहमी वाटत आलेला आहे.

या खेपेस निमित्त मात्र मंगेशीच्या दर्शनाचे नव्हते, की कुणाच्या लग्नमुंजीचेही नव्हते. आमच्या धाकट्या बंधूंची शर्यत होती. प्रथम समुद्रात १.९ किलोमीटर पोहावयाचे, मग ९० किलोमीटर सायकल हाकावयाची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावावयाचे. हे सारे साडेआठ तासांच्या आत. मैलांत मोजल्यास बेरीज ७०.३ भरते, म्हणून या शर्यतीचे नावच ‘आयर्नमॅन ७०.३’. गोव्यात ती प्रथम ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली आणि मणिपूरचे बिश्वोरजित सायखोम पहिले आले. पुढची दोन वर्षे करोनाने गिळली. आम्ही सांगतो आहो ती हकीकत दुसऱ्या खेपेची, १३ नोव्हेंबर २०२२ च्या रविवारची.

वाचकांस वाटेल, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थास पहिला कोण आला याच्याशी काय कर्तव्य? खरेच नसते. या खेळात दर पाच वर्षांचा एक गट असतो आणि ज्याची त्याची झुंज आपापल्या गटात चालते. वय मोजावयाचे ते शर्यतीच्या दिवशीचे नव्हे, तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे. बंधूंचा जन्म डिसेंबर १९६७ चा. म्हणजे घरच्या हिशेबाने ते अजून चोपन्नचे, परंतु शर्यतीच्या खात्यावर पंचावन्नचे झालेले. नव्या गटात शिरणारा त्या गटातला सर्वांत तरुण, म्हणून ही मंडळी पंचावन्नावे, साठावे वर्ष कधी लागते याची चातकासारखी वाट पाहतात. म्हातारपण लौकर यावे म्हणून आतुर झालेली माणसे आम्ही दुसरीकडे कोठे पाहिली नाहीत.

पण आपल्या गटातला गडी ओळखावयाचा कसा? २०१९ साली बंधू येथेच फसले होते. धावताना एका पुणेकर गृहस्थांची सोबत झाली. गप्पा झाल्या, बंधूंनी स्वतःजवळच्या मिठाच्या दोन गोळ्या त्यांना दिल्या, आणि अखेरच्या किलोमीटरला “आपण व्हा पुढे” असे म्हणून वाटही दिली. संध्याकाळी निकाल पाहतात तो ते गृहस्थ बंधूंच्याच गटातले आणि बरोबर एक स्थान वर! पूर्वी पुष्कळ शर्यतींत पोटरीवर शाईने वय लिहीत. मागून येणाऱ्याने पोटरी वाचावी आणि जोर करावयाचा की नाही ते ठरवावे. अलीकडे ती चाल बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. क्रमांकाचा कागद कमरेच्या पट्ट्यास असतो. सायकलवर तो पाठीकडे फिरवितात आणि धावताना पोटाकडे. म्हणजे धावताना जो पुढे चालला आहे, त्याचा क्रमांक मागच्यास दिसतच नाही. सायकलवर दिसावयाचा, तर मागच्याने पुढच्याच्या आडोशाला राहू नये म्हणून १२ मीटरांचे अंतर राखण्याचा दंडक. एवढ्या अंतरावरून चाळिशीच्या चष्म्याला काय दिसणार?

म्हणून या खेपेस ते काम आमच्याकडे आले. भावजयीने स्पर्धकांच्या यादीतून पंचावन्न ते एकोणसाठच्या गटातले सारे क्रमांक एका वहीत उतरून घेतले होते. पुणेकरांच्या नावाखाली तांबडी रेघ होती. ते बंधूंहून दोन वर्षांनी मोठे, म्हणून २०२० सालीच वरच्या गटात गेलेले. “सुटलो!” असे बंधू तेव्हा म्हणाले होते. पण मध्यंतरी शर्यतच झाली नाही, आणि आता हेही त्याच गटात येऊन दाखल.

पहाटे भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी आम्ही पोहोचलो तेव्हा सुरूच्या झाडांत अजून अंधार होता. पलीकडे आग्वादचा किल्ला हळूहळू उजाडत गेला. टोपी-चष्मा चढविलेला माणूस आईलाही ओळखू येत नाही, तेथे आमची काय कथा! शिवाय सारे एकदम पाण्यात उतरत नाहीत. थोडे थोडे सोडतात आणि घोट्याला बांधलेल्या पट्टीवरून प्रत्येकाची वेळ निराळी मोजतात. बंधू पोहण्यात तरबेज, ते पुढच्या रांगेत गेले. तांबड्या रेघेचे गृहस्थ त्यांच्यामागून नऊ मिनिटांनी उतरले. ही नऊ मिनिटे पुढे आमच्या जिवाला चाटून गेली.

सायकली ठेवण्याच्या आवारात कुंपणाबाहेरून डोकावून रिकाम्या जागा मोजल्या, तर गटातले किती बाहेर पडले याचा अदमास लागतो, ही युक्ती भावजयीची. रस्त्यावर मात्र आमचे अंदाज सपशेल चुकले. पांढऱ्या दाढीच्या एका धावपटूस पाहून आम्ही वहीवर तुटून पडलो, तर तो पंचेचाळिसाच्या गटातला निघाला. आणि कॉलेजकुमार समजून ज्याला सोडले, तो सत्तावन्नचा. पुन्हा सारे त्याच रस्त्यावरून फेऱ्या मारणारे. शेजारून जाणारा कितव्या फेरीत आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

ऊन चढले. २०२१ साली करोनाने बंधूंना तीन आठवडे अंथरुणास खिळविले होते. त्यानंतर कित्येक महिने जिना चढताना त्यांना मध्ये थांबावे लागे. त्यांचे पाय जड पडू लागलेले आम्हांस दिसत होते. शेवटच्या फेरीत ते समोर आले ते विचारीतच आले, “दादा, तो कुठे आहे?”

तो रस्त्यावर त्यांच्या आठ मिनिटे मागे होता. पण नऊतून आठ गेले म्हणजे हिशेबाने तोच एक मिनिट पुढे. भ्रमणध्वनीवर ते स्वच्छ दिसत होते. या शर्यतीत बाहेरच्याने सोबत धावणे, हाती खाणेपिणे देणे वर्ज्य. मात्र ओरडून सांगावयास हरकत नसते. आमच्या ओठांवर शब्द आला होता. भावजयीने आमचा दंड धरला आणि स्वतःच ओरडली, “मागे आहेत, खूप मागे! तुम्ही पाणी प्या.” शब्द खोटा नव्हता. बंधूंनी हात हलविला, पाण्याच्या टेबलाशी थांबून डोक्यावर पेला रिता केला आणि आपल्या चालीने गेले.

ते हात उंचावून रेघ ओलांडते झाले. आठ मिनिटे वीस सेकंदांनी पुणेकर आले. चाळीस सेकंदांनी आणि एका स्थानाने पुन्हा तेच वर! गटातल्या पहिल्यांना जागतिक शर्यतीचे आमंत्रण मिळते, तेथवर या दोघांचीही मजल नव्हती. तरी चाळीस सेकंद ते चाळीस सेकंदच. दोघे वाळूत शहाळी घेऊन बसले होते. पुणेकरांनी मिठाच्या गोळ्यांची आठवण स्वतःच काढली, हे सांगितलेच पाहिजे.

परतताना घाटात बंधूंनी विचारले, “तुम्हांला ठाऊक होते ना?”

“होते,” भावजय म्हणाली.

आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो. कणकुंबी येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. तेथे चहास उतरलो, आणि बशीत चहा ओतता ओतता बंधू बोटे मोजू लागले.

“दादा, ते पासष्ट सालचे. म्हणजे २०२५ साली साठाच्या गटात जातील.”

“आणि तू?”

“मी २०२७ ला. मधली दोन वर्षे माझी.” असे म्हणून त्यांनी आणखी एक चहा मागविला. भावजयीने वही मात्र पिशवीत खाली, ओल्या टॉवेलाखाली, सरकविलेली आम्ही पाहिली.