अंगावर एक, दोरीवर एक

माझी भाची मंचरला राहते. तिची मुलगी दोन वर्षांची असताना त्यांनी घर बदलले, तेव्हा मी सामान बांधायला गेले होते. मुलीच्या कपाटातले कपडे घड्या घालून खोक्यात भरण्याचे काम माझ्याकडे आले. भरता भरता मी सहज मोजू लागले. नुसते फ्रॉकच ४३ निघाले. त्यांपैकी ११ फ्रॉकवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती, आणि आता ते मुलीच्या डोक्यातूनही खाली उतरत नव्हते.

"अगं, हे घातलेस तरी कधी तिला?" मी विचारले.

"घालायला वेळच कुठे मिळाला, मावशी? आले आणि लहान झाले," भाची हसत म्हणाली.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. जन्माच्या वेळी बाळ साधारण ५० सेंटीमीटर लांब असते. वर्ष भरता भरता ते ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोहोचते. वजन तर वर्षभरात तिप्पट होते. मोठ्या माणसाचा सदरा विटतो किंवा फाटतो, म्हणून टाकावा लागतो. बाळाचे झबले मात्र विटण्याच्या आधीच आखूड होते. आणि आपल्याकडची गंमत अशी, की बारशाला, छटीला किंवा अकीक्याला येणारा प्रत्येक पाहुणा त्याच आठवड्यात बसेल अशा मापाचे झबले घेऊन येतो. त्यातही ते जरीचे, टोचणारे असले तर अधिक कौतुक! मी स्वतः वर्षभर पुढच्या मापाचा सुती कपडा नेते. "फारच मोठा आणलात," असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

मग लहान मुलाला कपडे लागतात तरी किती?

जुन्नरमध्ये आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई शिवणकाम करीत. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणे. त्यांचा हिशेब ठरलेला होता : "एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. चौथा ईदेचा किंवा दिवाळीचा." लंगोट या हिशेबात नसत. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, तेव्हा ते दोन डझन तरी हवेत; पण ते विकत आणायचे नाहीत, असे खाला बजावीत. आजीचे जुने लुगडे किंवा आईची विरलेली मलमलची ओढणी फाडून ते करायचे. नव्या कापडाला खळ असते. ते कडक असते आणि पाणी लवकर शोषत नाही. शंभरदा धुतलेले कापड मऊ होते आणि ओल चटकन टिपते. बाळाला जुन्यात गुंडाळण्याची आपली रीत गरिबीतून आली असेल, पण त्यात शहाणपणही आहे.

माप घेऊन झाले, की टेप गळ्यात टाकून खाला आणखी एक प्रश्न विचारीत : "दोरी कुठे बांधतेस, बेटी?" प्रश्न विचित्र वाटेल, पण साऱ्या हिशेबाचे मर्म त्यातच आहे. दोरीवरचा कपडा संध्याकाळपर्यंत वाळत असेल, तर तीन कपडे पुरतात. तो वाळतच नसेल, तर?

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडच्या कोरड्या माळापर्यंत पसरलेले आहेत. मी काही वर्षे पश्चिमेच्या डोंगराळ भागात शिक्षिका होते. आंबेगावातले आहुपे किंवा जुन्नरमधले नाणेघाटाजवळचे घाटघर घ्या. तिथे जुलै महिन्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. पाऊस थांबला, तर धुके घरात शिरते. अंगणात दोरी बांधून उपयोग नाही. कपडे घरातच, चुलीच्या वर टांगलेल्या वलणीवर घालतात. तिथे ते वाळतात असे म्हणण्यापेक्षा धुरावर शेकले जातात असेच म्हणावे लागेल. जाड कापडाला तीन-तीन दिवस लागतात. बाळाच्या लंगोटांसाठी निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली उपडी घालतात आणि तिच्यावर एकेक लंगोट पसरतात. घरातली एक बाई दिवसभर त्याच कामात अडकलेली असते.

आता शाळेचे पाहा. समग्र शिक्षा योजनेत सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी वर्षाला दोन गणवेशांची तरतूद आहे. दोन हा आकडा मंचरच्या उन्हात ठीक आहे. पण डोंगरात सोमवारी पहिला गणवेश भिजतो, मंगळवारी दुसरा भिजतो. बुधवारी सकाळी पहिला वलणीवर अजून ओलाच असतो. मग मूल ओला सदरा घालून येते, नाहीतर येतच नाही. ओल्या कपड्यांत दिवसभर बसल्याने मानेवर, काखेत नायटा उठतो. न आलेल्या मुलापुढे हजेरीपटावर गैरहजेरीची खूण होते. "सदरा ओला होता," असे लिहायला त्यात रकाना नाही. मुलाला अभ्यास नको असतो, आईबापांना शाळेची किंमत नसते, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. आधी वलणीकडे पाहायला हवे.

पूर्वेला जुन्नरच्या आणे पठारावर जा. तिथे सगळे उलटे. उन्हाळ्यात कपडा तासाभरात कडकडीत वाळतो, पण धुवायला पाणी कुठे आहे? टंचाईच्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. आलेले पाणी आधी माणसांना, मग गुरांना आणि उरले तर कपड्यांना. धुणे चार-पाच दिवस साठते. म्हणजे या घरातही मुलाला तीनच कपडे असून भागत नाही. एका टोकाला पाणी थांबत नाही, दुसऱ्या टोकाला ते मिळत नाही. ऊन आणि पाणी दोन्ही आहे, ते मधल्या नारायणगाव-मंचरच्या बागाईत पट्ट्यात. खालांचे तीन कपडे खरोखर पुरतील अशी हीच जागा, आणि ४३ फ्रॉक निघाले तेही इथेच.

याच पट्ट्यात हिवाळ्यात आणखी काही मुले येतात. भीमाशंकर आणि विघ्नहर साखर कारखान्यांच्या उसासाठी मराठवाड्यातून तोडणी कामगारांची कुटुंबे येतात. सगळा संसार एका गाठोड्यात बांधलेला असतो. त्या मुलांना कपड्यांची संख्या नको, जात हवी. उसाची पाने अंगाला कापतात, म्हणून लांब बाह्यांचा सदरा हवा. पहाटे कोपीत कडाक्याची थंडी असते, म्हणून एक स्वेटर आणि कानटोपी हवी. अशा मुलाला बिनबाह्यांचे चार रंगीत टी-शर्ट देऊन काय होणार?

वाढत्या अंगाचा विचार एकदा एका सरकारनेही केला होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. श्रीमंत असो वा गरीब, पहिल्या वर्षी प्रत्येकाला ६६ कुपने मिळाली. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र १० कुपने जास्त. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संघटनेने गावोगावी मुलांच्या कपड्यांची अदलाबदल सुरू केली. लहान झालेला कोट द्यायचा आणि मापाचा घेऊन जायचा. हे रेशनिंग १९४९ पर्यंत चालले.

आपल्याकडे हे काम शिंपी करीत असे. वाढत्या अंगाचा सदरा शिवताना तो शिवणीच्या आत जादा कापड राखून ठेवी. शिवणकामात त्याला 'माया' म्हणतात. इतके सुंदर नाव कोणी दिले, कोण जाणे! खाला परकराच्या खाली तीन बोटे माया ठेवीत. दर वर्षी एक टीप उसवली, की परकर तेवढा लांब होई. उसवलेल्या जागी न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसे. त्या पट्ट्या मोजून परकराचे वय सांगता येई. तयार कपड्यांत एवढी माया नसते. त्यामुळे ते उसवून वाढवता येत नाहीत. रफू, अस्तर, खिसा हे शब्द तुम्हांला मराठीतही शिकावे लागत नाहीत, ते तुमच्या घरातलेच आहेत. पण घरात शेवटचे रफू कोणी केले, ते एकदा विचारून पाहा.

थोरल्याचा कपडा धाकट्याने घालावा, यात काहीच कमीपणा नाही. तरीही माझे एक म्हणणे आहे. धाकट्याला वर्षातून एक कपडा तरी त्याच्या स्वतःच्या मापाचा, त्याच्या आवडीच्या रंगाचा मिळावा. खालांचा तो चौथा कपडा चैनीचा नव्हता. बाकीचे तीन भावंडांत फिरत. चौथ्यावर एकट्याचा हक्क असे.

फिरून फिरून विरलेल्या कपड्यांची शेवटी गोधडी होई. जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. इथले कागदी लोक जुनी गोणपाटे कुटून त्यांचा लगदा करीत आणि त्यातून कागद काढीत. फाटक्यातूनही काही बनते, हे या गावाला वेगळे सांगायला नको.

डोंगरातल्या आमच्या शाळेत आम्ही पत्र्याची एक पेटी ठेवली होती. वरच्या वर्गात गेलेली मुले लहान झालेले गणवेश धुऊन त्यात टाकीत. पावसात भिजून आलेले मूल कोणाला न विचारता पेटी उघडी, कोरडा सदरा घाली आणि आपला ओला सदरा वर्गातल्या दोरीवर टाकी. घरी नेलेला सदरा दोन दिवसांनी परत येई. कधी येत नसे, आम्हीही मागत नसू. पहिलीच्या मापाचे सदरे नेहमी कमी पडत, कारण डबक्यातून चालत येणारी मुले तीच. चौथीच्या मापाचे मात्र पुष्कळ उरत. मग एका पावसाळ्यात आम्ही खालांकडे ११ मोठे सदरे पाठवले. त्यांनी ते टाचून लहान करून दिले. कापलेले कापड मात्र त्यांनी फेकले नव्हते. बाह्यांच्या आत दुमडून ठेवले होते.